तीनास एक

टीनाने सहा प्लेटा टेबलावर ओळीने मांडल्या आणि मान खाली घालून उभी राहिली.

"मॅडम, पुन्हा तसंच झालं. पाच चौकड्या बिघडल्या. माझंच काही चुकून राहिलं."

दुर्गेश्वरी पटले गोंदियातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. टीना तिची एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, आमगावहून रोज गाडीने येणारी. तिला प्रकल्प म्हणून दुर्गेश्वरीने आपलंच जुनं यीस्ट दिलं होतं, पीएच.डी.च्या दिवसांतलं, अकरा वर्षं फ्रीजरमध्ये जपून ठेवलेलं. नवीन काही निघणार नव्हतं. मुलीचा हात बसावा, एवढाच हेतू.

पाव फुगवणाऱ्या या यीस्टमध्ये मोरचुदाचं विष सोसायला मदत करणारा एक जनुक असतो. तो एकटा नसतो. एकाच गुणसूत्रावर त्याच्या दहा-बारा प्रती एकीला एक लागून असतात, मालगाडीच्या डब्यांसारख्या. पेशीला उपाशी ठेवलं की ती अर्धगुणसूत्री विभाजनात शिरते. दोन्ही पालकांकडून आलेली गुणसूत्रं शेजारी येतात, आपसात तुकडे बदलतात, आणि शेवटी एकाच पिशवीत चार बीजाणू तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने त्या चौघांना सोडवून प्लेटवर एका ओळीत मांडायचं. ती झाली चौकडी. एका पालकाच्या जनुकांच्या रांगेत ओळखीची खूण घातलेली असली, तर ती खूण चौघांपैकी दोघांत उतरावी आणि दोघांत उतरू नये. दोनास दोन, हा नियम.

टीनाच्या पाच चौकड्यांत तीनास एक आलं होतं. शिवाय मोरचुदाच्या निळ्या प्लेटांवर त्या चौकड्यांतला एखादा बीजाणू सगळ्यात गडद निळ्यातही मजेत वाढला होता, आणि त्याचाच भाऊ अगदी फिक्या निळ्यात मरून गेला होता. जणू एकाच्या पदरात डबे जास्त पडले आणि दुसऱ्याचे तेवढेच कमी झाले.

"बाकीच्या खुणा पाहिल्या?" दुर्गेश्वरीने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"पाहिल्या ना मॅडम. दुसऱ्या गुणसूत्रांवरच्या तिन्ही खुणा बरोबर दोनास दोन आहेत. तेच तर समजत नाही." टीनाने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "मी या पाच काढूनच टाकते. सुई हलली असंन, असं लिहिते वहीत. चालेल ना?"

टीनाने पेन उघडलंसुद्धा.

"थांब," दुर्गेश्वरी एकदम म्हणाली, इतक्या जोरात की पलीकडच्या टेबलावरची दोघं वळून पाहू लागली. "एकही काढायची नाही. तुझी सुई हललेली नाही. सुई हलली असती तर चारही खुणा बिघडल्या असत्या. एकच कशी बिघडेल?"

टीना बघतच राहिली. मॅडमचा चेहरा उतरला होता, आणि आपण काय चुकीचं बोललो ते तिला कळेना.

*

हेच वाक्य अकरा वर्षांपूर्वी दुर्गेश्वरीला म्हणता आलं असतं. तेव्हा ते तिने गिळलं होतं.

पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेत ती तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या मागून दोन वर्षांनी तिथे रचना डोंगरे आली. रचना गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीची, दुर्गेश्वरी तिरोड्याकडची. एवढ्या लांब आपल्या बोलीत "का गं"ला "काऊन व" म्हणणारी एक मुलगी भेटली, याचा दोघींना इतका आनंद झाला की आठवड्याभरात त्या एका खोलीत राहायला लागल्या. सुट्टीत गावी येताना दुर्गेश्वरी आधी मुर्रीला रचनाच्या घरी उतरायची, मग तिरोड्याला जायची. रचनाची आई सुमनबाई ओसरीवर बसून विड्या वळायची. तेंदूचं पान, चिमूटभर जर्दा, दोरा, आणि विडी तयार. बोलता बोलता, न बघता. रचनाही लहानपणी आईजवळ बसून वळायची. दुर्गेश्वरीने एकदा हौसेने करून पाहिलं तर विडी कमी आणि पुडी जास्त झाली. सुमनबाई हसून हसून बेजार झाली. निघताना तिने लाखोळीच्या डाळीचे वडे डब्यात घालून दिले. "तूही माहीच पोट्टी आहेस," म्हणाली.

असे हात घेऊन रचना चौकड्या मांडायला बसली. इतरांना दिवसात पंधरा जमायच्या, तिला तीस. तिच्या ओळी आखल्यासारख्या असत. पहिल्या वर्षाअखेर तिच्या दोनशे आठ चौकड्या झाल्या होत्या, आणि त्यांतल्या एकोणीस विचित्र होत्या. तीनास एक, एकास तीन. खुणेबरोबर प्रतीही कमीजास्त झालेल्या.

"हे डबे सरकून जुळून राहिले, दुर्गे," ती खोलीत जेवताना ताटात बोटाने रेघा मारून सांगायची. "सगळे डबे सारखेच दिसतात ना. मग पहिल्या डब्यासमोर पहिलाच कायले यायला पायजे? तिसरा आला तरी त्याले काय समजते? तसेच तुटले, तसेच जोडले, का झालं. एकाकडं जास्त गेले, दुसऱ्याकडं कमी."

दुर्गेश्वरी मान हलवत राहायची आणि घास तोंडात फिरत राहायचा. कारण तिचा शोधनिबंध छापायला गेलेला होता, आणि त्यात नेमकं उलट लिहिलं होतं. विभाजनाच्या वेळी पेशी ही पुनरावृत्तीची रांग जपते, तिथे अदलाबदल जवळजवळ होऊ देत नाही, असं. सहाशे बारा चौकड्यांच्या आधाराने.

सहाशे बारा नव्हत्याच त्या. सहाशे त्रेचाळीस होत्या. पहिली विचित्र चौकडी आली तेव्हा तिने तिच्यावर तिरकी रेघ मारून "सुई हलली" असं लिहिलं, आणि तेव्हा ते तिला खरंही वाटलं होतं. दहाव्या चौकडीपर्यंत ते खरं वाटेनासं झालं. पण तोवर दोघींचे मार्गदर्शक असलेल्या सरांनी परिषदेत निष्कर्ष सांगून टाकला होता, लोकांनी वाखाणला होता, आणि दर वेळी रेघ मारणं आधीपेक्षा सोपं जात होतं. एकतीस रेघा झाल्या.

मग एका सोमवारी सरांनी तिला खोलीत बोलावलं. समोर रचनाचे तक्ते होते.

"हिचे आकडे तुझ्याशी जुळत नाहीत. तुम्ही एकत्र राहता, एकत्र काम करता. काय वाटतं तुला? प्लेटा दूषित होतात का? की हात चांगला नाही?"

खिडकीबाहेर माळी गवत कापत होता. दुर्गेश्वरीला तो आवाज अजून आठवतो. तिने उत्तर द्यायला फार वेळही घेतला नव्हता.

"हात थोडा थरथरतो तिचा, सर."

"वाटलंच होतं मला," सर म्हणाले.

त्या 'वाटलंच'मध्ये काय काय होतं, ते दुर्गेश्वरीला त्याच क्षणी कळलं. रचना कुठून आली, कोणत्या घरातून आली, तिची जागा कोणत्या यादीतली, यावर संस्थेच्या कॅन्टीनमध्ये होणारी कुजबूज तिने ऐकली होती. तिच्या एका वाक्याला पुरावा लागला नाही, कारण ते ऐकायला जागा आधीच करून ठेवलेली होती. ते कळूनही ती उठून "नाही सर, तसं नाही" म्हणाली नाही. दार लोटून बाहेर आली आणि रचनासाठी चहा घेऊन गेली.

रचनाला विषय बदलायला सांगितलं. नव्या विषयात तिचं मन लागलं नाही. चार महिन्यांनी ती बॅग भरून मुर्रीला परत गेली. दुर्गेश्वरीचा शोधनिबंध छापून आला, पुढे त्याच्याच बळावर गोंदियाची नोकरी मिळाली.

*

टीनाच्या प्लेटा पाहिल्यावर तीन दिवसांनी, शनिवारी सकाळी, दुर्गेश्वरी सालेकसाच्या गाडीत बसली. पर्समध्ये तिची जुनी वही होती. रचना तिकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात तंत्रज्ञ आहे, एवढं तिला ऐकून ठाऊक होतं. इतकी वर्षं पाऊण तासाच्या अंतरावर राहून ती कधी गेली नव्हती. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापलेले धानाचे कडपे पडले होते. प्रत्येक स्टेशनवर तिला वाटलं, इथेच उतरून परतीची गाडी धरावी.

रुग्णालयात सिकलसेलच्या तपासणीचा दिवस होता. बाकावर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. आतल्या खोलीत पांढऱ्या कोटातली रचना एका तान्ह्या मुलाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढत होती. टोचलं कधी, थेंब टिपला कधी, ते त्या मुलाच्याही लक्षात आलं नाही. सावकाश रडायचं ठरवून तो रडला, तोवर रचना दुसऱ्या कार्डावर नाव लिहीत होती. दारात उभी असलेली दुर्गेश्वरी ते हात बघत होती.

"दुर्गे?" रचनाने वर पाहिलं. "अन् इकडं कसी का? बस. वीस लेकरं राहिली अजून."

ती दीड तास बसली. मग रचना दोन कप चहा घेऊन आली आणि दोघी मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. वर्षांची, नोकऱ्यांची, सुमनबाईच्या गुडघ्यांची चार वाक्यं झाली. मग दुर्गेश्वरीने सांगून टाकलं.

"सरांनी तुह्या प्लेटांबद्दल मले विचारलं होतं. तुहा हात थरथरते, असं मीनंच सांगतलं."

रचनाने कप खाली ठेवला नाही. "माहीत हाये," ती म्हणाली.

"कोणं सांगतलं?"

"सरांनीच. त्याच दिवशी. 'तुझी मैत्रीणच म्हणते, तिच्यावर तरी विश्वास ठेव,' म्हणाले."

दुर्गेश्वरी तिच्याकडे वळली. "मग त्यानंतर चार महिने आपण एका खोलीत राहिलो. बोलली काऊन नाही?"

"तू बोलशील म्हणून. रोज वाटे, आज बोलंन, उद्या बोलंन. तू चहा आणून देत राहिली." रचना अंगणात फिरणाऱ्या कोंबडीकडे बघत होती. "तुह्या लग्नालेबी त्याच्यासाठीच आलो होतो. माय म्हणे, नोको जाऊ. म्हटलं, जातो, आता संसाराले लागून राहिली, आता तरी सांगंन. तू मले मिठी मारली अन् फोटो काढला. मी जेवून परत आलो."

"मले माफ कर, असं म्हणायची माही लायकी नाही, पण..."

"म्हणू नोको मग. अन् खरं सांगू का? मीनं तं कधीचंच सोडून देल्लं होतं. म्हटलं, तिले खरंच तसं दिसलं असंन. चूक तं चूक. माणसाले दिसते तेच तो सांगते."

इथे दुर्गेश्वरीला थांबता आलं असतं. माफी जवळजवळ पदरात पडली होती. तिचा हात पर्सच्या चेनवर काही वेळ तसाच राहिला. मग तिने वही काढली आणि रचनाच्या मांडीवर ठेवली.

रचनाने पानं उलटली. आधी सावकाश, मग भराभर. तिचं बोट तिरक्या रेघांवर थांबू लागलं. काही मिनिटं ती सगळं विसरली. शेजारी कोण बसलंय तेही. "हे पाय, हे पाय," ती स्वतःशीच बोलत होती. "तीनास एक, अन् शेजारच्याच्या प्रती घटल्या. बाकीच्या खुणा साफ. बाप्पा, ही तं माह्या चौदाव्या चौकडीसारखीच... अन् इथं खूण तशीच हाये, नुसत्या प्रती सरकल्या." अकरा वर्षांपूर्वी ताटात रेघा मारणारी मुलगी क्षणभर पायरीवर येऊन बसली होती. दुर्गेश्वरीला वाटलं, हे असंच चालावं, संध्याकाळपर्यंत.

मग रचना पहिल्या रेघेपाशी परत गेली आणि तिथली तारीख वाचली. बोट तिथेच राहिलं.

"ही तं मी यायच्या आधीची हाये."

"हो."

"दीड वर्ष आधीची. म्हणजे तुले आधीपासून दिसून राहिलं होतं. माहा हात थरथरत नाही, हे तुले माहीत होतं."

"माहीत होतं."

रचनाने वही मिटली. आतून कोणीतरी "सिस्टर" म्हणून हाक मारली, तिकडे तिने पाहिलं नाही.

"तिथून आल्यावर मी एक वर्ष आपल्या हाताकडं पायत राहिलो," ती शेवटी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चमचा धरला का पायचो. दिवा लावताना पायचो. म्हटलं, दुर्गी खोटं नाही बोलायची, म्हणजे थरथरतच असंन, मलेच दिसत नसंन. इथं पहिल्यांदा लेकराले टोचायचं होतं तं मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. डॉक्टर म्हणे, काऊन व, काय झालं. काय सांगू त्यायले?"

दुर्गेश्वरी रडत होती. रचनाने तिला गप्प केलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

"मी काय करू, सांग."

"मले कायले विचारते? पीएच.डी. तुही झाली." ती उठली, कोटाच्या मागची धूळ झटकली. "लिही. सरांले लिही, ज्यानं छापलं त्याले लिही. एकतीसच्या एकतीस लिहिजो. माहं नाव लिहिशील तं पुरं लिहिजो. अन् मले माफीची चिठ्ठी पाठवू नोको. घरी माय वाचून दाखव म्हणते."

*

दुर्गेश्वरीने लिहिलं. पत्र चार ओळींचं व्हायला हवं होतं, त्याला दोन आठवडे लागले, कारण प्रत्येक खर्ड्यात स्वतःला थोडं वाचवणारं एखादं वाक्य शिरायचं आणि ते शोधून काढावं लागायचं. 'अननुभवामुळे' काढलं. 'त्या काळच्या दबावाखाली' काढलं. शेवटी उरलं ते एवढंच: मी एकतीस चौकड्या जाणूनबुजून वगळल्या, त्या खऱ्या होत्या, आणि रचना यादोराव डोंगरे यांनी स्वतंत्रपणे हेच पाहिलं होतं, ते मी खोटं पाडलं.

सरांचा फोन आला. ते निवृत्त झाले होते. "इतक्या वर्षांनी कशाला हे? तरुणपणी सगळेच चार आकडे सोडतात. माझं नाव आहे त्या लेखावर." ती म्हणाली, "म्हणूनच आधी तुम्हाला कळवलं, सर." त्यांनी फोन ठेवला.

घरी नवरा इंद्रकुमार दोन दिवस बोललाच नाही. मग जेवताना म्हणाला, "किसने पूछा था तुमसे? कोणी विचारलं होतं का? बसली होती ना सुखानं." त्याला काय सांगावं ते तिला कळलं नाही. सुखाने ती बसली नव्हती, पण बसलेली दिसत होती हे खरं.

संस्थेने चौकशी केली. जुन्या कपाटातून रचनाची वही निघाली, तिच्यातल्या एकोणीस चौकड्या तपासल्या गेल्या. सात महिन्यांनी मासिकात दुरुस्ती छापून आली: निष्कर्ष टिकत नाही, या रांगेत अदलाबदल होते, आणि ती प्रथम कोणी नोंदवली त्याचं पूर्ण नाव. कॉलेजने दुर्गेश्वरीचं संशोधन केंद्राचं प्रमुखपद काढून घेतलं. नोकरी राहिली. स्टाफरूममध्ये ती शिरली की बोलणं थांबायचं, आणि चहा पिऊन ती बाहेर पडली की पुन्हा सुरू व्हायचं. याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. मधूनमधून कोणी नवा माणूस "हिंमत केली मॅडम तुम्ही" म्हणायचा, तेव्हा मात्र तिला तोंड लपवावंसं वाटायचं.

दुरुस्तीची प्रत तिने मुर्रीच्या पत्त्यावर पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती. उत्तर आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला.

मग एका शनिवारी दुपारी प्रयोगशाळेच्या दारात रचना उभी. खांद्याला पिशवी, डोक्याला उन्हाचा रुमाल.

"टीना कोण?" तिने विचारलं.

टीना आता त्याच विभागात प्रकल्प सहायक होती. ती गोंधळून पुढे आली. तिच्या विचित्र चौकड्यांची संख्या आता सव्वीस झाली होती, आणि दुरुस्तीत तिच्या नावासह त्यांचाही उल्लेख होता.

"तुह्या सव्वीस चौकड्या पायच्या होत्या. दाखवतेस?"

"हो ना, ताई. या ना, बसा."

रचनाने रुमाल सोडला, स्टूल ओढलं आणि बसली. टीना एकेक प्लेट उजेडाकडे धरून दाखवू लागली. सहाव्या ओळीपाशी रचनाने तिला थांबवलं, प्लेट हातात घेतली, आणि दोघी डोक्याला डोकं लावून काहीतरी मोजू लागल्या. मध्येच टीना हसली. रचनाही हसली.

दुर्गेश्वरी आपल्या टेबलामागे उभी होती. पुढे व्हावं की नाही, ते तिला समजत नव्हतं. शेवटी ती चार पावलं आली आणि म्हणाली, "रचना, चहा मागवू का?"

रचनाने प्लेटवरून नजर काढली नाही.

"टीनाले विचारा, मॅडम. तिले पायजे असंन तं मागवा."

जुन्या विद्यार्थिनीसमोर कोणीही मॅडमच म्हणेल. दुर्गेश्वरीने स्वतःला तसं सांगून पाहिलं, दोनदा. मग ती चहा सांगायला स्वतःच खाली गेली, आणि जिन्यात उभी राहून वरून ऐकू येणारं त्या दोघींचं बोलणं ऐकत राहिली. रचना सांगत होती की पहिल्या डब्यासमोर पहिलाच डबा यायला पाहिजे असं काही नाही.